चार गाई गेल्या, मदत मात्र दोघींचीच

प्रश्न : माढा तालुक्यात सीना नदीच्या काठी आमची वस्ती आहे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात रात्रीतून गोठ्यात पाणी शिरले आणि चार संकरित गाई, एक कालवड, नऊ मोठ्या शेळ्या व चाळीस गावरान कोंबड्या गेल्या. दोन गाई दावणीलाच मेलेल्या सापडल्या, त्यांचे शवविच्छेदन झाले. बाकीच्या दोन गाई आणि कालवड वाहून गेली. शेळ्यांपैकी चार सापडल्या, पण त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. खात्यावर ७५,००० रुपये जमा झाले आणि बँकेने ते परस्पर पीककर्जात वळते केले. गावकामगार तलाठी म्हणतात की शव नाही तर नोंद नाही, शिवाय तीन जनावरांच्या वर मिळत नाही, आणि वाहून गेलेल्यांपैकी एक गाय भाकड होती. ती आटलेली होती हे खरे, पण सात महिन्यांची गाभण होती. गाईंचे कानातील बिल्ले सासऱ्यांच्या नावावर आहेत आणि ते गेल्या वर्षी वारले. शेळ्यांना बिल्ले नव्हते. आता काही करता येईल का? आणि दुसरी गाय घेण्यासाठी सावकाराचे पैसे उचलावेत का?
(एक वाचक भगिनी, जि. सोलापूर)

उत्तर :

ताई, प्रथम हिशेब मांडू, म्हणजे आपण किती रकमेसाठी खटपट करणार आहोत हे स्पष्ट होईल. केंद्र सरकारने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवलेल्या आणि राज्याने २७ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने स्वीकारलेल्या दरांनुसार दुधाळ गाय किंवा म्हैस दगावल्यास ३७,५०० रुपये, बैलासारख्या ओढकामाच्या मोठ्या जनावरासाठी ३२,००० रुपये, वासरू किंवा कालवडीसाठी २०,००० रुपये, शेळी-मेंढीसाठी प्रत्येकी ४,००० रुपये आणि कोंबडीसाठी प्रत्येकी १०० रुपये मिळतात. कोंबड्यांची मदत एका कुटुंबाला १०,००० रुपयांपर्यंतच असते. त्यानुसार आपल्या चार गाईंचे १,५०,०००, कालवडीचे २०,०००, नऊ शेळ्यांचे ३६,००० आणि कोंबड्यांचे ४,००० असे एकूण २,१०,००० रुपये होतात. आपल्याला ७५,००० मिळाले, म्हणजे १,३५,००० रुपयांचा प्रश्न आहे. चांगल्या दुधाच्या संकरित गाईची बाजारातील किंमत या दरापेक्षा बरीच जास्त असते हे मला ठाऊक आहे. परंतु ही मदत जनावराच्या किमतीवर ठरत नाही, ती जनावराच्या वर्गवारीवर ठरते, आणि वर्गवारी ठरते पंचनाम्यात. म्हणून रक्कम कमी आली अशी तक्रार घेऊन तहसील कार्यालयात गेल्यास आपल्याला दरांचा तक्ता दाखवून परत पाठवले जाईल. आपली तक्रार पंचनाम्यातील नोंदी अपुऱ्या व चुकीच्या आहेत अशी असली पाहिजे, आणि ती एकेका जनावरानिशी मांडलेली असली पाहिजे.

आपल्याला सांगितलेल्या तीन कारणांपैकी सर्वांत लंगडे कारण तीन जनावरांच्या मर्यादेचे आहे. केंद्राच्या निकषांत एका कुटुंबाला तीन मोठी दुधाळ जनावरे किंवा तीस शेळ्या-मेंढ्या, तसेच तीन मोठी किंवा सहा लहान ओढकामाची जनावरे अशी मर्यादा आहे, हे खरे. परंतु याच अतिवृष्टी व पुरानंतर ७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटी रुपयांचे जे पॅकेज जाहीर केले, त्यात तीन जनावरांची ही मर्यादा काढून टाकण्यात आली आणि दगावलेल्या सर्व जनावरांसाठी मदत देण्याचे ठरले. तेव्हा या पुरापुरते ते कारण लागू होत नाही. गंमत अशी की जुनी मर्यादा धरली तरी आपल्याला तिसऱ्या गाईचे पैसे मिळायला हवे होते, कारण दोनच गाईंची मदत आलेली आहे. ज्यांनी हे कारण सांगितले त्यांनी स्वतःचाच हिशेब तपासलेला दिसत नाही. आपण वाद घालू नये. मर्यादेच्या आधारे मदत नाकारली असल्यास तसे लेखी द्यावे एवढीच विनंती अर्जात करावी. तोंडी सांगितलेली अनेक कारणे लेखी मागितली की मागे घेतली जातात.

दुसरे कारण भाकडपणाचे. निकषांत मदत प्रत्यक्ष उत्पादक जनावरांपुरती ठेवण्यास सांगितलेले आहे, आणि त्याचाच आधार घेऊन दूध न देणारी प्रत्येक गाय यादीतून वगळण्याची पद्धत काही ठिकाणी पडलेली आहे. सात महिन्यांची गाभण गाय आटवलेलीच असते. विण्याआधीचे साधारण दोन महिने तिला मुद्दाम आटवतात, हे पशुधन विकास अधिकाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याला फक्त ती गाभण होती हे दाखवायचे आहे, आणि त्याची नोंद बहुधा सरकारी दप्तरातच आहे. गाईला कृत्रिम रेतन केलेले असेल, तर त्याची तारीख आणि पुढे झालेली गर्भतपासणी गाईच्या कानातील बारा अंकी क्रमांकाखाली भारत पशुधन या संगणकीय प्रणालीत चढवलेली असते. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन त्या क्रमांकाच्या नोंदींचा उतारा सही-शिक्क्यासह मागावा. रेतन खासगी व्यक्तीकडून केले असल्यास त्याची पावती किंवा त्या व्यक्तीचा लेखी जबाब जोडावा. हा एक कागद हाती आला की भाकड या शेऱ्याला आधार उरत नाही.

शव न सापडण्याचे कारण मात्र गंभीर आहे, आणि पत्रातील खरा पेच तोच आहे. मृत्यूचे कारण नोंदवण्यासाठी शवविच्छेदन अहवाल मागितला जातो हे योग्यच आहे. एरवी आजाराने मेलेली किंवा विकलेली जनावरेही पुरात गेली असे दाखवले जाईल, ही प्रशासनाची भीती निराधार नाही. परंतु पुरात वाहून जाणे हाच जेव्हा मृत्यूचा प्रकार असतो, तेव्हा शव दाखवा हा आग्रह धरणे म्हणजे नदीकडे पावती मागण्यासारखे आहे. अशा वेळी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: जनावर पुराच्या आदल्या दिवसापर्यंत आपल्या गोठ्यात होते, त्या रात्री गोठ्यात पाणी शिरले, आणि त्यानंतर ते जनावर कुठेही आढळलेले नाही.

यांपैकी मधली गोष्ट आपल्या बाबतीत आधीच मान्य झालेली आहे. त्याच गोठ्यातील दोन गाई पुराने मेल्याचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल सरकारनेच केलेला आहे आणि त्यावर मदतही दिली आहे. म्हणून नव्या अर्जात त्या अहवालांचा उल्लेख सर्वांत आधी करावा.

पहिल्या गोष्टीसाठी आपल्याकडे एक पुरावा आहे, ज्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही: दूध संकलन केंद्राची नोंद. आपण ज्या केंद्रावर दूध घालत होता, तिथे प्रत्येक वेळचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातील इतर घन घटक) यांची नोंद असते आणि त्यावरूनच दहा दिवसांचे बिल निघते. पुराच्या आधीच्या तीन-चार महिन्यांची बिले आणि पुरानंतरच्या पंधरवड्याची नोंद केंद्राकडून मागून घ्यावी. रोज ठरावीक लिटर जाणारे दूध एका तारखेपासून एकदम बंद होते, तेव्हा गोठ्यात किती दुभत्या गाई होत्या याचा अंदाज कोणताही अधिकारी बांधू शकतो. आटलेल्या गाईचा आणि कालवडीचा पुरावा यातून मिळणार नाही, हे उघड आहे. त्यांच्यासाठी लाळ्या-खुरकूत आणि लम्पीच्या लसीकरणाच्या नोंदी उपयोगी पडतील, कारण त्याही बिल्ल्याच्या क्रमांकानेच होतात. कालवडीला बिल्ला मारलेला असल्यास तिच्या नोंदीत जन्म आणि आईचा क्रमांकही असण्याची शक्यता आहे.

तिसऱ्या गोष्टीसाठी माणसांचे जबाब लागतात. पोलीस पाटील, सरपंच आणि शेजारच्या दोन वस्त्यांवरील माणसे यांनी आपल्या सहीने लिहून द्यावे की त्यांनी ही जनावरे पुरापूर्वी गोठ्यात पाहिली होती आणि नंतर पाहिलेली नाहीत. जबाबात जनावराचा रंग, शिंगांची ठेवण, वेत आणि ओळखीच्या खुणा असाव्यात. चार गाई होत्या एवढेच लिहिलेल्या जबाबाला फारसे वजन येत नाही. त्या रात्रीचे किंवा दुसऱ्या दिवशीचे फोटो व चित्रफिती कोणाच्याही मोबाइलमध्ये असतील तर त्या मिळवाव्यात, आणि ज्या फोनवर काढल्या तो फोन तसाच सांभाळून ठेवण्यास सांगावे. जुन्या फोटोंचाही उपयोग होतो. पोळ्याला किंवा घरच्या कार्यात काढलेल्या फोटोत गाईच्या कानातील पिवळा बिल्ला दिसत असेल, तर तो मोठा करून क्रमांक वाचता येतो का हे पाहावे.

हे सर्व जोडून तहसीलदारांच्या नावे पुरवणी पंचनाम्यासाठी अर्ज करावा. अर्जात प्रत्येक जनावर वेगळ्या ओळीत मांडावे: प्रकार, वय, बिल्ल्याचा क्रमांक, दुभती की गाभण, शव सापडले की वाहून गेले, आणि सोबत कोणता पुरावा जोडला आहे. एक प्रत पशुधन विकास अधिकाऱ्यांना द्यावी, कारण वर्गवारीबाबत त्यांचा अभिप्राय मागवला जाईल आणि तो त्यांच्यापर्यंत कागद पोहोचल्याशिवाय येणार नाही. अर्ज आवक विभागातच द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नये. गावात येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती कागद सोपवणे सोयीचे असते, परंतु पुढे त्याचा माग काढता येत नाही.

त्याच दिवशी माहितीच्या अधिकारात वेगळा अर्ज करावा. त्यात आपल्या नावाच्या पंचनाम्याची प्रत, गावाची मंजूर मदत यादी आणि आपली जनावरे वगळली असल्यास त्याची कारणे नोंदवणारा कागद मागावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही लागत नाही. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. न मिळाल्यास पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करता येते. पंचनामा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण आपल्या गाईबद्दल नक्की काय लिहिले आहे हे आज आपल्याला केवळ ऐकून माहीत आहे. तहसील पातळीवर दाद न लागल्यास प्रांताधिकारी आणि त्यानंतर जिल्हाधिकारी असा क्रम ठेवावा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हा पातळीवर लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस असतो. तिथे जाताना आवक क्रमांकाचा कागद हाती असावाच.

आता बिल्ल्यांवरील नावाविषयी. राज्यात १ जून २०२४ पासून जनावराच्या कानात बिल्ला नसेल तर नैसर्गिक आपत्तीतील मृत्यूची मदतही मिळणार नाही असा नियम झालेला आहे, त्यामुळे गाईंना बिल्ले होते ही आपली मोठी जमेची बाजू आहे. ते सासऱ्यांच्या नावावर आहेत ही त्रुटी दुरुस्त होण्याजोगी आहे. दोन गाईंची मदत आपल्याच खात्यावर आली आहे, म्हणजे प्रशासनाने आपल्याला त्या गाईंचे मालक म्हणून एकदा स्वीकारले आहे. उरलेल्यांबाबत वेगळी भूमिका घेण्यास कारण नाही. तरीही सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, शिधापत्रिकेची प्रत आणि इतर वारसांचे संमतीपत्र अर्जाला जोडावे. दीर किंवा नणंदा असतील तर त्यांच्याशी हे आताच बोलून घ्यावे. मदत मंजूर झाल्यावर घरात वाद निघाला की पैसे वर्ष-वर्ष अडकतात, असे या सदराकडे आलेल्या पत्रांतून वारंवार दिसते.

शेळ्यांच्या बाबतीत मी आपल्याला फार आशा लावणार नाही. बिल्ला नाही, पाच शेळ्यांचे शव नाही, आणि ज्या चार सापडल्या त्यांचे शवविच्छेदन झालेले नाही. त्या चार शेळ्यांचे फोटो असतील आणि दवाखान्याच्या नोंदवहीत आपल्या नावे पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथरोगाचे लसीकरण झालेल्या शेळ्यांची संख्या लिहिलेली असेल, तर त्यांच्यासाठी अर्ज जरूर करावा. आठवडी बाजारात खरेदी केलेल्या शेळ्यांच्या बाजार समितीच्या पावत्या असल्यास त्याही जोडाव्यात. वाहून गेलेल्या पाच शेळ्या अर्जात लिहाव्यात, पण त्यांच्या पुराव्यासाठी गाईंचा अर्ज थांबवून ठेवू नये. कोंबड्यांचेही तसेच. गोठा घराला लागून असेल आणि पडला असेल, तर त्यासाठी ३,००० रुपयांची वेगळी तरतूद आहे; आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून सांगून ठेवतो.

बँकेने केलेल्या वळतीबाबत मात्र आपली बाजू भक्कम आहे. आपत्ती मदतीच्या शासन निर्णयांत वर्षानुवर्षे एक अट असते की या रकमेतून कोणत्याही वित्तीय संस्थेने कोणत्याही प्रकारची वसुली करू नये. शिवाय याच पुरानंतर शासनाने बाधित तालुक्यांसाठी पीककर्जाचे पुनर्गठन (फेडीचे हप्ते व मुदत नव्याने ठरवणे) आणि शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला एक वर्षाची स्थगिती अशा सवलती जाहीर केल्या होत्या. त्या काळात मदतीचे पैसे कर्जखाती जमा करून घेणे हे दोन्ही बाजूंनी चुकीचे आहे. शाखा व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्यावा, त्यात मदत जमा झाल्याची व वळती केल्याची तारीख लिहावी, खातेउतारा जोडावा आणि रक्कम बचत खात्यावर परत करण्याची मागणी करावी. अर्जाची प्रत तहसीलदारांना आणि जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना द्यावी. बहुतेक प्रकरणे इथेच मिटतात. बँक राष्ट्रीयीकृत असेल आणि तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. कर्ज थकीत आहे म्हणून बँकेत मान खाली घालून उभे राहण्याचे काही कारण नाही. कर्जाचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याच्या पुनर्गठनाचा अर्ज आपण वेगळा करावा.

शेवटी गाईच्या खरेदीविषयी. सावकाराचे पैसे उचलू नयेत. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याला दिलेल्या तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांहून अधिक व्याज आकारता येत नाही. आपल्याला जो दर सांगितला जाईल तो बहुधा महिन्याचा असेल, आणि महिन्याच्या दराने बोलणाऱ्याकडे परवाना असण्याची शक्यता कमी. त्याऐवजी पशुपालनासाठीच्या किसान क्रेडिट कार्डाची चौकशी करावी. दोन लाख रुपयांपर्यंतच्या खेळत्या भांडवलाला त्यावर ७ टक्के व्याज पडते आणि वेळेत फेड केल्यास ते ४ टक्क्यांवर येते. हे कर्ज मुख्यतः चारा, खुराक आणि औषधपाणी यांसाठी असते, गाय खरेदीसाठी वेगळे मुदत कर्ज घ्यावे लागते, हा फरक बँकेत जाण्यापूर्वी लक्षात असू द्यावा. पीककर्ज थकीत दिसत असताना नवे कर्ज मंजूर होणे कठीण असते, म्हणून पुनर्गठनाचा अर्ज आधी आणि नव्या कर्जाचा नंतर.

माझे मत विचाराल, तर बँकेकडून ७५,००० रुपये परत येईपर्यंत थांबावे आणि त्या पैशांतून एकच, दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची गाय घ्यावी. चार गाईंचा गोठा एकदम उभा करण्याची घाई करू नये. चारा त्या पुरातच गेला असेल आणि विकतच्या चाऱ्यावर नवी गाय परवडत नाही. गाय घेताना तिच्या कानात बिल्ला आहे हे पाहावे आणि पैसे देण्यापूर्वी दवाखान्यात जाऊन त्या क्रमांकावरील मालकाचे नाव आपल्या नावाने बदलून घ्यावे. विमा उतरवायचा असल्यास तोही त्याच क्रमांकावर, त्याच आठवड्यात.

पंचनाम्याची प्रत हाती आली की तिच्यातील नोंदी आम्हाला कळवाव्यात. आटलेल्या गाईपुढे काय लिहिले आहे, त्यावर पुढच्या अपिलाचा मसुदा अवलंबून राहील.